आठव्या तासाचा बूट: नर्सिंग ड्युटीसाठी पादत्राणं कशी निवडावीत

आज ड्युटीवरून घरी आलात की बूट कोपऱ्यात भिरकावण्याआधी ते उलटे धरा आणि तळ बघा. टाचेच्या कडेला झिजून गुळगुळीत झालेली अर्धी चकती दिसेल. खाचांमध्ये मायक्रोपोर टेपचा चिकट तुकडा, कापसाचे धागे, कधी अँप्युलच्या, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या कुपीच्या, काचेचा चमकणारा कण. आतली गादी बाहेर काढलीत तर टाचेखाली बशीसारखा खड्डा. बूट घेताना दुकानात यातलं काहीच आपण पाहिलेलं नसतं. पाय आत घातला, ‘अगं, काय मऊ आहे!’ म्हटलं, चार पावलं चालून आलो आणि डबा काखेत मारला.

माझा पहिला जोड असाच आला. आत मेमरी फोमची गादी, वर जाळीचं कापड, वजनाला फुलासारखा हलका. पहिला आठवडा कापसावर चालल्यासारखा गेला. दुसऱ्या महिन्यात नाइटला सहाव्या तासापासून टाचा ठणकायला लागल्या, आणि एका पहाटे बेडपाशी सांडलेल्या ईसीजी जेलवरून पाय सटकला. रेलिंग हाताशी होतं म्हणून मी वाचले. हातातला ड्रेसिंगचा ट्रे मात्र जमिनीवर, आणि त्यातली आयोडीनची वाटी नेमकी माझ्या बुटावर. जाळीतून थेट मोज्यापर्यंत. तळ घसरतो, वरचं कापड गळतं आणि गादी दोन महिन्यांत बसते, हे तिन्ही दोष एका मिनिटात कळले.

तेव्हापासून कुठलाही बूट हातात घेतला की मी एवढंच विचारते: आठव्या तासाला, ओल्या लादीवर हा कसा वागेल? पुढचं सगळं त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने आहे. क्रमही तोच ठेवा. आधी सुरक्षितता, मग माप, आणि मऊपणा सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी एक ड्युटी नीट बघा

‘नर्सचे बूट’ नावाची एकच एक वस्तू नसते, कारण नर्सची ड्युटी एकसारखी नसते. मेडिकल वॉर्डातली सिस्टर दिवसभर फिरत असते. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, शस्त्रक्रियेला मदत करायला स्क्रब घेतलेली सिस्टर तीन-तीन तास एकाच जागी उभी असते, आणि उभं राहणं चालण्याहून जड जातं. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे दाबले जाऊन रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की तो पंप थांबतो, रक्त पायात साचतं, पाय भरून येतात. त्यामुळे फिरत्या ड्युटीला चवड्यापाशी सहज वाकणारा बूट हवा आणि उभ्या ड्युटीला रुंद, स्थिर तळाचा, टाचेखाली भक्कम आधार देणारा.

म्हणून एका ड्युटीत तीन गोष्टी टिपून ठेवा. फोनवर किंवा घड्याळावर पावलं किती झाली. जमीन कसली आहे: व्हिनाइल, चकचकीत ग्रॅनाइट, सिरॅमिक लादी की इपॉक्सी. आणि जमिनीवर काय काय सांडतं. जनरल वॉर्डात बहुतेक पाणी आणि साबण, लेबर रूममध्ये रक्त आणि गर्भजल, सोनोग्राफीच्या खोलीत जेल, डायलिसिसला द्रावणं. बाथरूमच्या दारापाशी ओल्या पायांचे ठसे तर सगळीकडेच.

युनिफॉर्मचा नियम इंचार्ज सिस्टरना आधीच विचारून घ्या. रंग पांढरा की काळा, लेस चालते का, ओटीत वेगळे बूट लागतात का. बूट घेऊन झाल्यावर हे कळलं तर त्याचा उपयोग नाही.

एमआरआयला पेशंट घेऊन जावं लागत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. काही बुटांच्या तळात पोलादी पट्टी असते आणि कारखान्यात वापरायच्या सेफ्टी शूजच्या टोकाला पोलादी टोपी. असे बूट घालून चुंबकाच्या खोलीत जायचं नाही. फ्रिजवरचा साधा लोहचुंबक बुटाच्या टोकाला आणि तळाला लावून पाहिला की लोखंड आहे का याचा अंदाज येतो. तरी आत जाण्याआधी तिथल्या टेक्निशियनला विचाराच.

दुसरी पायरी: जुने बूट वाचा

जुना जोड टेबलावर डोळ्यांच्या पातळीत ठेवा आणि मागून बघा. टाच सरळ उभी आहे की एका बाजूला कलली आहे? टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नेहमीचंच, कारण पाऊल बहुधा तिथेच आधी टेकतं. आतली बाजू जास्त झिजली असेल आणि बूट आत कलला असेल, तर चालताना पाऊल आत झुकतं आहे. तुम्हाला कमानीखाली आधार असलेला, मधोमध कडक तळाचा बूट लागेल. बाहेरची कड टाचेपासून करंगळीपर्यंत खाल्ली गेली असेल तर कमान उंच असण्याची शक्यता जास्त. अशा पायाला आधारापेक्षा धक्का पचवणारी गादी उपयोगी पडते.

वरचा भागही बघा. अंगठ्याच्या टोकाशी भोक किंवा फुगवटा म्हणजे बूट आखूड होता. करंगळीजवळ कड बाहेर ओघळली असेल तर अरुंद होता. आतून टाचेचं अस्तर फाटलं असेल तर टाच आत वरखाली होत होती. जुना बूट असा चुगलखोर असतो. त्याचं ऐका.

तिसरी पायरी: पाय मोजा, आणि तेही ड्युटीनंतर

आपल्यापैकी बऱ्याच जणी पंधरा वर्षांपूर्वीचा नंबर अजून सांगतात. वयानुसार, वजनानुसार, बाळंतपणानंतर पाऊल लांबतं, रुंदावतं. शिवाय पाय दिवसभरात सुजतो, म्हणून सकाळचं माप संध्याकाळी चावतं.

कागद जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावा आणि दोन्ही पायांवर वजन देऊन उभ्या राहा. बसून घेतलेलं माप लबाड असतं. दुसऱ्या कुणाला पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायला सांगा, कारण स्वतः वाकलात की वजन सरकतं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं. मग चवड्याची सगळ्यात जास्त रुंदी घ्या. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप खरं धरा.

आता नंबरांचा घोळ. युरोपियन नंबरात एका नंबराचा फरक सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, म्हणजे साधारण ६.७ मिलिमीटर असतो. ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत तो इंचाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर, आणि या दोन्ही पद्धतींचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय युरोपियन आकडा तुमच्या पावलाचा नसतो. तो बूट ज्या साच्यावर बेतला त्या साच्याचा असतो, आणि साचा पावलापेक्षा दीड-एक सेंटिमीटर लांब धरतात. पाऊल २४० मिलिमीटर असेल तर साचा २५५ च्या आसपास, आणि २५५ भागिले ६.६७ म्हणजे ३८ नंबर. हा हिशेब माहीत असला की ऑनलाइन मागवताना नंबरापेक्षा मिलिमीटरचा रकाना बघायची सवय लागते. एवढं करूनही दोन कंपन्यांचे ३८ एकसारखे निघत नाहीत, हे धरूनच चला.

चौथी पायरी: जिथे तडजोड नाही

पुढून बंद, मागून बंद, वरून भोकं नाहीत, पुसता येणारा वरचा भाग आणि न घसरणारा तळ. या पाचांपैकी एक जरी नसेल तर बूट कितीही आरामाचा असो, परत ठेवा.

वरची भोकं हा जुना वाद आहे. भोकांचे रबरी क्लॉग, म्हणजे नुसता पाय सरकवून घालायचे बूट, हलके असतात, नळाखाली धुता येतात, पाय घामेजत नाही, सगळं खरं. पण ट्रेवरून निसटलेली सुई किंवा फुटलेली अँप्युल खाली येते ती पावलाच्या वरच्या भागावरच, आणि भोक त्याच जागी असतं. रक्त तर भोक शोधतच येतं. हवा हवीच असेल तर भोकं कडेला, खालच्या बाजूला असलेले क्लॉग मिळतात. वरून पूर्ण झाकलेले घ्या. चामडं किंवा जाड सिंथेटिक दरवेळी सुई अडवेल असं नाही, पण उघड्या कातडीपेक्षा किंवा जाळीपेक्षा ते कितीतरी बरं.

मागून उघड्या क्लॉगबद्दल माझं मत कडक आहे. सरावलेल्या सिस्टर त्यात आरामात वावरतात, हे मी बघते. पण मागचा पट्टा नसलेला बूट पायात टिकवायला बोटं नकळत आत आवळावी लागतात. आठ तास बोटं आवळून ठेवली की तळपायाला गोळे येणारच. आणि कोड ब्लूला, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्याच्या हाकेला, धावताना तो पायातून सुटतो. पट्टा असेल तर तो मागेच लावलेला असू द्या, वर उलटवून ठेवू नका.

वरचा भाग पुसता येतो का हे घरीच कळतं. थेंबभर पाणी टाका आणि मिनिटभराने टिश्यूने टिपा. आत ओल उतरली असेल तर रक्तही असंच उतरणार.

पाचवी पायरी: तळ

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण दुकानदार इथेच सगळ्यात कमी बोलतो.

ओल्या लादीवर पाय का सटकतो? लादी आणि तळ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि तळ त्या थरावर तरंगतो. खाचा असतात त्या हे पाणी बाजूला काढून द्यायला. म्हणून हॉस्पिटलच्या बुटाला बारीक, जवळजवळ असलेल्या, काठापर्यंत उघड्या खाचा हव्यात. मध्येच बंद झालेल्या खाचेत पाणी कोंडतं. ट्रेकिंगच्या बुटाचे मोठे दात चिखलात रुततात. गुळगुळीत लादीवर मात्र त्यांचा जमिनीला टेकणारा भाग थोडा असतो, त्यामुळे तिथे ते उपयोगाचे नाहीत. दिसायला दणकट म्हणून फसू नका. घसरणं बहुतेक वेळा टाच टेकते त्या क्षणी होतं, म्हणून टाचेच्या अगदी मागच्या कडेपर्यंत खाचा आहेत ना, हे बघा. तिथे नक्षीऐवजी कंपनीचं नाव कोरलेला गुळगुळीत चौकोन असेल तर ते डिझाइन फोटोसाठी केलेलं आहे.

नखाने तळ दाबा. नख जरासं रुतलं आणि परत भरून आलं तर रबर चांगलं. टिचकीचा टकटक आवाज आला तर प्लास्टिक कडक आहे, ते ओल्या लादीवर दगा देतं. शिवाय नाइटला ते वॉर्डभर वाजतं, आणि नुकतंच झोपलेलं बाळ उठलं की आई तुमच्याकडे कसं बघते ते सांगायला नको.

आता लेबल वाचायला शिका. ‘ऑइल रेझिस्टंट’ म्हणजे तेलाने तळ खराब होत नाही, एवढंच. तेलावर घसरत नाही असा त्याचा अर्थ नाही. इथे भले भले फसतात. कामावरच्या पादत्राणांसाठी ईएन आयएसओ २०३४७ हे मानक आहे. त्याच घराण्यातलं २०३४५ हे २०० जूलचा आघात सोसणाऱ्या टोपीच्या सेफ्टी शूजसाठी असतं. वॉर्डातल्या कामाला ते बहुधा विनाकारण जड पडतात. २०३४७ च्या बुटांवर ‘ओ’ने सुरू होणारे कोड असतात. ‘ओ१’मध्ये टाचेचा भाग बंद, स्थिर वीज साठू न देणारा तळ आणि टाचेत धक्का शोषण्याची क्षमता येते. ‘ओ२’मध्ये त्यावर वरच्या भागातून पाणी आत न येण्याची अट असते.

घसरण्याच्या चाचणीचे जुने कोड अजूनही बऱ्याच बुटांवर दिसतात. एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्याने ओल्या सिरॅमिक लादीवर तपासलेला, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर, आणि एसआरसी म्हणजे दोन्हीवर पास. मानकाच्या नव्या आवृत्तीत हे तीन कोड गेले. साबणाच्या लादीची चाचणी मूलभूत अट झाली आणि सिरॅमिक लादीवर ग्लिसरीनची जादा चाचणी पास झाली तर ‘एसआर’ लिहितात. वॉर्डासाठी एसआरसी किंवा नवा एसआर शोधा. जेलसारखा बुळबुळीत पदार्थ आपल्याकडे कधी ना कधी सांडतोच, आणि ग्लिसरीनची चाचणी त्याच्या जवळची आहे.

कोड नसेल तर घरी साधी परीक्षा घ्या. लादीवर साबणाचं पाणी शिंपडा, एका हाताने भक्कम आधार धरा, एकच बूट घालून त्यावर हळूहळू वजन द्या आणि पाय पुढे सरकवायचा प्रयत्न करा. जुना बूट घालून तेच करून बघा म्हणजे फरक कळेल. नव्या बुटाच्या तळावर कधी कधी साच्यातून काढतानाचा तेलकट थर राहिलेला असतो, त्यामुळे सुरुवातीचे दिवस चांगला तळही घसरतो. पहिल्या ड्युटीआधी तळ साबणाने घासून धुवा. आणि बुटावर प्लास्टिकची कव्हरं चढवलीत की तळाची सगळी हुशारी झाकली जाते. कव्हर घालून ओल्या जागी गेलात तर पावलं लहान टाका.

सहावी पायरी: घालून बघणं

संध्याकाळी जा, ड्युटीचे मोजे घालून जा, घरी वेगळी इनसोल वापरत असाल तर तीही न्या. पाय घालण्याआधी तीन गोष्टी हाताने करा.

टाचेचा मागचा कप अंगठा आणि बोटात धरून दाबा, तो सहज चेपता कामा नये. मग टाच आणि टोक धरून बूट वाकवा. तो चवड्यापाशी वाकायला हवा, जिथे आपलं पाऊल वाकतं. मधोमध कागदासारखा दुमडला तर कमानीला आधार शून्य. शेवटी ओला टॉवेल पिळतो तसा पिळून बघा. थोडा फिरला तर ठीक, वेटोळं झालं तर ठेवून द्या.

त्यानंतर आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभ्या राहा. ही युक्ती मला सगळ्यात आवडते, कारण इथे खोटं बोलता येत नाही. पावलाचा काठ गादीबाहेर सांडला तर बूट अरुंद आहे आणि तो ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य कानाआड करा. चामडं थोडं सैलावतं, पण साचा रुंदावत नाही. पुढे सेंटिमीटरभर जागा उरली पाहिजे.

पाय आत घातल्यावर बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवता यायला हवीत. टाच किंचित हलली तर चालेल, उचलली जाता कामा नये. मग ड्युटीत करता तेच करा: उकिडव्या बसा, चवड्यांवर उभं राहून वरच्या फळीवरची वस्तू काढल्याचा अभिनय करा, जिना असेल तर चढून उतरा, एका जागी दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहा. शेवटची गोष्ट कुणी करत नाही आणि तीच सगळ्यात जास्त सांगते. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

टाचेची उंची दोन ते तीन सेंटिमीटर बहुतेकींना सोसते. उंच टाच वजन चवड्यावर ढकलते. पण अगदी सपाट तळही सगळ्यांना मानवत नाही. पोटऱ्या आखडलेल्या असतील आणि एकदम सपाट बुटात गेलात तर टाचेमागची कंडरा (अकिलिस टेंडन) ओढली जाते. बदल करायचा तर हळूहळू करा.

लेस की वेल्क्रो की नुसता पाय घालायचा बूट? लेसचा बूट दुपारी सुजलेल्या पायासाठी सैल करता येतो, म्हणून माझं मत लेसला. लेस सुटून लोंबू नये म्हणून टोकं आत खोचा. टाच उचलली जात असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून दोन्ही बाजूंना छोटा फास करा आणि समोरचं टोक त्यातून ओवून ओढा, घोटा घट्ट धरला जातो. पावलाचा उंचवटा दुखत असेल तर नेमक्या त्या जागेवरची आडवी ओवण गाळा. वारंवार बूट बदलावे लागत असतील तर वेल्क्रो सोयीचा, मात्र त्यात धागे आणि केस अडकतात आणि ते स्वच्छ करणं कटकटीचं.

मऊपणा

मऊपणा शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात आधी मोहात पाडतो. मेमरी फोम पायाचा आकार घेतो आणि तिथेच बसून राहतो. ईव्हीए नावाचा फोम हलका असतो, धक्का चांगला पचवतो, पण रोजच्या वजनाने चपटा होत जातो आणि उष्णता त्याला सोसत नाही. पॉलियुरेथेन म्हणजे पीयू थोडा जड, पण दीर्घकाळ उसळी टिकवतो. त्याची खोड वेगळी: दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी तुटते आणि तळ एके दिवशी चुरा होऊन गळतो. म्हणून सवलतीत मिळाले म्हणून चार जोड घेऊन कपाटात साठवू नका.

अंगठ्याने गादी जोरात दाबा. तळाची कडक बाजू लगेच लागली तर आठव्या तासाला तुमची टाचही तिलाच लागणार.

रनिंग शूज घालावेत का, हा नेहमीचा प्रश्न. घालावेत, पण जाळी नसलेले किंवा वरून पुसता येणारे, आणि तळ ओल्या लादीवर तपासूनच. त्यांची गादी पुढे धावण्यासाठी बनवलेली असते. काहींत ती इतकी उंच आणि मऊ असते की एका जागी उभं राहताना किंवा पेशंटला बेडवरून उचलताना घोटा डुलतो. बॅले फ्लॅट्स आणि सँडल्सबद्दल बोलायलाच नको.

पायाचीच काही कुरबूर असेल तर

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ येते आणि चार पावलांनी कमी होते, ही प्लँटर फॅसायटिसची, म्हणजे तळपायातल्या पट्ट्याच्या दुखण्याची, नेहमीची तऱ्हा. अशांनी टाचेला खोल कप आणि कमानीला आधार असलेला बूट घ्यावा, घरातही अनवाणी फिरू नये, आणि पोटरी ताणण्याचे व्यायाम रोज करावेत. अंगठ्याच्या सांध्याचं हाड बाहेर आलं असेल तर पुढून रुंद आणि त्या जागी शिवण नसलेला बूट बघा. चवड्याखाली जळजळ होत असेल तर होडीसारखा पुढे वर वळलेला तळ बरा पडतो, पाऊल कमी वाकतं.

मधुमेह असेल तर बूट ‘चावतोय’ हे कळेलच याची खात्री नाही. पायात घालण्याआधी रोज हात आत फिरवा आणि ड्युटीनंतर तळपाय आरशात बघा. गरोदरपणात पाऊल सुजतं आणि पसरतं, तेव्हा जुन्याच बुटात कोंबू नका. एक नंबर मोठा घ्या. पोटरीत शिरा फुगत असतील तर १५ ते २० एमएमएचजी दाबाचे कॉम्प्रेशन मोजे अनेकींना आराम देतात. पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत. बधिरपणा, एकाच पायाला सूज, न भरणारी जखम यांवर बूट हा इलाज नव्हे.

घेतल्यानंतर

नवा बूट थेट बारा तासांच्या ड्युटीला घालू नका. आधी घरात स्वच्छ जमिनीवर दोन-तीन तास, म्हणजे परतही करता येतो. मग एक छोटी शिफ्ट. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. बुटाला घामातून पूर्ण वाळायला दिवसभर लागतो आणि दबलेली गादीही तेवढ्यात सावरते. ओलसर बुटात रोज पाय घातला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणारच. ड्युटीनंतर गादी बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, कडक उन्हात न ठेवता वाऱ्याला ठेवा. मोजे निव्वळ सुती असले की ते घाम धरून बसतात आणि फोड आणतात. सिंथेटिक किंवा लोकरीचं मिश्रण असलेले बरे. एक जादा जोडी लॉकरमध्ये असू द्या.

रक्त सांडलं तर ग्लोव्ह्ज घालून आधी टिपा, मग तुमच्या विभागाच्या पद्धतीने निर्जंतुक करा. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) रबर आणि पुष्कळशा प्लास्टिकला चालतं, चामड्याला मात्र ते कडक आणि पांढुरकं करतं. ओटीचे बूट ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकण्याआधी त्यांच्यावर कोणतं तापमान लिहिलंय ते बघा. साधा ईव्हीएचा क्लॉग १२१ अंशांत वितळून वाकडा होतो. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा, काच उपसायला चिमटा घ्या, बोट घालू नका. वॉर्डातले बूट घरी घालून जाऊ नका, वेगळी पिशवी ठेवा.

टाकायचे कधी

धावण्याच्या बुटांची गादी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरपर्यंत साथ देते असं धरलं जातं. आता स्वतःचा हिशेब करा. ड्युटीत आठ हजार पावलं, एक पाऊल ६५ सेंटिमीटर, म्हणजे पाच किलोमीटरच्या वर. महिन्याला २४ ड्युट्या म्हणजे सव्वाशे किलोमीटर. पाचव्या-सहाव्या महिन्यात गादी संपत आली असणार, वरून बूट कितीही नवा दिसो. पीयूचे आणि चामड्याचे मजबूत बूट जास्त चालतात. त्यांना किलोमीटरपेक्षा खाचांचा निकष लावा: टाचेच्या खाचा बोटाला लागेनाशा झाल्या की त्यांचा काळ संपला.

मी बुटाच्या जिभेखाली मार्करने पहिल्या ड्युटीची तारीख लिहून ठेवते. दुखणं सुरू झालं की आधी ती तारीख बघायची. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

आणि झिजलेला जोड ‘असू दे, अडीअडचणीला’ म्हणून लॉकरमध्ये ठेवू नका. तो पायात चढतो तो नेमका चांगले बूट रक्ताने भिजलेल्या, वॉर्ड भरलेल्या आणि जमीन ओली असलेल्या रात्री.